सुराआधीचा ठोका

आमच्या कारखान्यात गाण्यांच्या तबकड्या निघायच्या. खालच्या मजल्यावर प्रेस, वरच्या मजल्यावर पाकिटं आणि खोकी, आणि दोहोंच्या मधे, जिन्याच्या वळणावर, एक जाड दार. त्या दारावर लाल दिवा. दिवा लागलेला असला की साहेबसुद्धा जिन्यावरून चवड्यांवर चालत जायचे, कारण आत बाई ऐकत बसलेल्या असायच्या.

बाईंचं काम ऐकण्याचं. प्रेसमधून निघणाऱ्या दर पन्नास तबकड्यांमागे एक त्यांच्याकडे यायची. ती त्यांनी दोन्ही बाजूंनी, पहिल्या खरखरीपासून शेवटच्या खरखरीपर्यंत ऐकायची आणि पिवळ्या चिठ्ठीवर ‘चालेल’ किंवा ‘नाकारा’ लिहून खाली सही करायची. सही नाही तर माल हलायचा नाही. मी वरच्या मजल्यावर पाठवणीच्या टेबलावर कारकून होतो, त्यामुळे त्या चिठ्ठ्या दिवसातून चार-पाच वेळा माझ्या हातात यायच्या. मी सांगतोय त्या वेळेपर्यंत सत्तावीस वर्षं बाईंनी हे काम केलं होतं आणि त्या सत्तावीस वर्षांत एकही गाणं ऐकलं नाही, असं त्या स्वतःच सांगायच्या. “गाणं ऐकायचं नसतं रे,” त्या म्हणायच्या, “गाणं पडद्यासारखं बाजूला सारायचं आणि मागे कोण लपलंय ते बघायचं.”

मागे कोणीतरी लपलेलं असतंच, याबद्दल बाईंना कधी शंका आली नाही. बाकी सगळ्याबद्दल आली. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका प्रेसवाल्याने त्यांना सांगितलं होतं, “ऐकत कशाला बसता, कालच्याच साच्यातला माल आहे.” बाईंनी त्याच्या शब्दावर सही केली. आठशे तबकड्या परत आल्या, प्रत्येकीच्या शेवटच्या गाण्यात तीच करकर. तेव्हापासून माणसाच्या तोंडच्या शब्दावर बाईंनी कधी विसंबून पाहिलं नाही. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत यायच्या, परत जाऊन ओढून बघायच्या, पुन्हा कोपऱ्यापर्यंत यायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात त्या आणि त्यांच्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, अशा दोघीच. साखरेच्या डब्यात बाई साखर सपाट करून तिच्यावर बोटाने फुली काढून ठेवायच्या. वन्सं साखर खायच्या आणि पुन्हा फुली काढून ठेवायच्या. “पण त्यांची फुली डावीकडे कलते,” बाईंनी मला एकदा अगदी गंभीरपणे सांगितलं होतं.

आम्ही त्यांना पाठीमागे तिखटबाई म्हणायचो. कान तिखट म्हणून, आणि जीभही काही फार गोड नव्हती म्हणून. हे नाव त्यांना ठाऊक असावं. जिन्याच्या तळाशी कुजबुजलेलंही त्यांना दाराआड ऐकू जायचं.

त्यांच्या नोकरीची शेवटची चार-पाच वर्षं उरली होती तेव्हाची ही गोष्ट. थोडी मी डोळ्यांनी पाहिली, बाकीची बाईंनी मला तुकड्यातुकड्याने सांगितली, तीही प्रत्येक वेळी “कुणाला बोलू नकोस” असं बजावून.

कारखान्याकडे एक हजार तबकड्यांचं काम आलं. सहा गायकांचा संच, तीन बायका आणि तीन पुरुष. पाकिटावर दगडी भिंतीपुढे राखाडी कपड्यांत ओळीने उभे. मागच्या बाजूला लिहिलं होतं की चार-पाचशे वर्षांपूर्वी, युरोपातल्या प्रबोधनकाळात, माणसं एकही वाद्य न घेता नुसत्या गळ्यांनी मिळून गायची, त्या रीतीची ही गाणी. काही खरोखरच जुनी, मध्ययुगातल्या मठांतून चालत आलेली. काही त्याच वळणाने अलीकडे रचलेली. एक आवाज निघतो, चार पावलं पुढे गेला की दुसरा तीच चाल घेऊन त्याच्या मागून येतो, मग तिसरा, आणि सहाही आवाज एकमेकांत गुंफले जातात. त्याखाली जाड अक्षरांत एक ओळ होती: ‘सहाही जण एकाच दालनात, एकाच वेळी गायले आहेत. या ध्वनिमुद्रणात कुठेही सांधा नाही.’

बाईंना ती ओळ पहिल्या क्षणापासून खटकली. “ज्याने काही केलेलं नसतं,” त्या म्हणाल्या, “तो ‘मी काही केलं नाही’ अशी पाटी दारावर लावतो का?”

पहिली तबकडी त्यांनी सकाळी लावली. तिसऱ्या गाण्यात त्यांना तो आवाज सापडला. ‘ठुप्’. अगदी मऊ, गादीवर बोट पडल्यासारखा. बाईंनी सुई उचलली, तबकडी पुसली, पुन्हा लावली. ठुप्. दुसरी तबकडी मागवली. त्याच जागी ठुप्. म्हणजे धूळ नव्हती, साच्यातच काहीतरी होतं. त्या खाली प्रेसवर गेल्या.

“बाई, साचा नवाकोरा आहे,” प्रेसवाला म्हणाला.

“आठशे तबकड्यांच्या वेळीही असंच कुणीतरी म्हणालं होतं.”

“तेव्हा मी शाळेत होतो हो!”

मागच्याच आठवड्यात बाईंनी त्याचा दिवसभराचा माल नाकारला होता, तेव्हा हा मुद्दाम करत असेल, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी समोर उभं राहून साचा बदलून घेतला. नव्या साच्यातून निघालेली तबकडी गरम असतानाच फडक्यात गुंडाळून वर आणली, गार होऊ दिली आणि लावली. ठुप्.

मग त्यांनी दार लावून घेतलं, दिवा लावला आणि दोन्ही बाजू कागदावर रेघा मारत ऐकल्या. एकेचाळीस वेळा. आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस वेळा तो ठोका एकाच आवाजाच्या आधी यायचा. तीन बायकांपैकी सगळ्यात खालच्या पट्टीत गाणारी जी होती, ती सूर उचलायच्या बरोबर एक मात्रा आधी. बाकीच्या पाचांच्या आधी एकदाही नाही.

बाईंनी पिवळ्या चिठ्ठीवर ‘नाकारा’ लिहिलं.

साहेब स्वतः जिना चढून आले, तेही टाचा आपटत. नऊ दिवसांवर त्या संचाचा जाहीर कार्यक्रम होता, तिथे तबकडी बाहेर काढायची होती. “काय ऐकू येतंय तुम्हाला? लावा बघू.” बाईंनी लावली. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. “मला काही नाही ऐकू येत.” त्यांनी मला आणि हिशेबनीसाला बोलावलं. हिशेबनीस म्हणाला, काही नाही. मी कान ताणले. मला सहा माणसं गाताना ऐकू येत होती आणि ती फार सुरेख गात होती, एवढंच. पण बाई माझ्याकडे अशा बघत होत्या की मी म्हणालो, “हो, काहीतरी आहे खरं.”

साहेब बाहेर पडल्यावर बाई मला म्हणाल्या, “तुला काहीही ऐकू आलं नाही. पुन्हा माझ्यासाठी खोटं बोलू नकोस.”

साहेबांनी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. काचेच्या खोलीत बसवून, कानांवर डबड्या चढवून, बटण दाबायला देऊन त्यांची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, “तिशीतल्या माणसाचे कान आहेत तुमचे.” दुसरं कुणी असतं तर पेढे वाटले नसते तरी निदान हसलं असतं. बाईंना वाटलं, साहेबांनी फोन करून ठेवला असणार, म्हातारीला खूश करून परत पाठवा. तशाच त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनीही तेच सांगितलं.

“मग झालं की,” मी म्हणालो.

“कसलं झालं? दोघांच्या भिंतीवर एकाच कॉलेजचं प्रमाणपत्र आहे.”

मग कुणाला तरी ऐकवावं म्हणून त्यांनी तबकडी घरी नेली. वन्संनी विणकाम खाली ठेवलं आणि तबकड्या वाजवायच्या जुन्या पेटीसमोर मांडी घालून बसल्या. तिसरं गाणं आलं. वन्सं म्हणाल्या, “हे कोण गं वाजवतंय मधूनमधून?”

बाईंच्या अंगावर काटा आला. पण लगेच दुसरा विचार आला, की ह्यांना आपण सकाळी काही बोललो होतो का? आपल्याला बरं वाटावं म्हणून तर म्हणत नाहीत? “काय वाजवतंय? नीट सांगा.”

“नीट काय सांगू? दार वाजवावं ना, तसं. पण आत माणूस झोपलेलं आहे हे ठाऊक असताना.”

दार वाजतं ते बाहेरून कुणी आत येताना, त्यावरून बाईंनी मनाशी एक पक्कं ठरवलं. ही खालच्या पट्टीतली बाई तिथे नव्हतीच. पाच जण गायले, आणि हिचा आवाज नंतर, वेगळा घेऊन, तुकड्यातुकड्याने आत चिकटवला. ठोका म्हणजे सांधा. पाकिटावरची ओळ धडधडीत खोटी. आणि उद्या कुणी ते ओळखलं, तर हे लोक हात वर करून म्हणणार की तबकडीच खराब निघाली. बोट दाखवणार कारखान्याकडे, आणि कारखान्यात पिवळ्या चिठ्ठीवर सही कुणाची? बाईंनी एक दिवसाची रजा टाकली आणि पिशवीत तबकडी घालून त्या संचाची तालीम गाठली.

तालमीची जागा एका सुतारखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. जिन्यात भुशाचा आणि सरसाचा वास. लांबलचक खोली, उघड्या तुळया, एका भिंतीला रचून ठेवलेल्या न रंगवलेल्या खुर्च्या. त्यांतली एक ओढून बाई मागे बसल्या. विचारायला आलेल्या एका गायिकेला त्यांनी सांगितलं, “मी ह्यांच्याबरोबर आले आहे,” आणि हाताने खोलीभर मोघम खूण केली. ती समजल्यासारखी मान हलवून गेली. खोटं इतकं सहज पचलं की बाईंचा त्या सगळ्यांवरचा विश्वास आणखीच उडाला.

सहा जण अर्धवर्तुळात उभे राहिले. त्यांचे प्रमुख दाढीवाले गृहस्थ होते. ते स्वतःही गायचे आणि एका बोटाने मात्राही दाखवायचे. आणि ती खालच्या पट्टीतली बाईही होती. खरीखुरी, हाडामांसाची. उंच, पांढऱ्या केसांची, साठीच्या आसपासची. पहिला आवाज निघाला, चार पावलं गेला, आणि तिने सूर उचलला तेव्हा बाईंना कबूल करावं लागलं की चिकटवलेलं वगैरे काही नाही. आवाज त्याच खोलीत होता.

मग ठोका कुठला?

बाईंनी खुर्ची हळूच डावीकडे सरकवली. आता त्यांना गाणाऱ्यांच्या पाठी दिसायला लागल्या. उंच बाईच्या शेजारी खर्जात गाणारा माणूस उभा होता, पिंपासारखा, आखूड मानेचा. त्याचा उजवा हात तिच्या पाठीवर होता. बाई बघत राहिल्या. गाणं पुढे जात होतं, आणि तिची वेळ आली की बरोबर एक मात्रा आधी त्या माणसाची दोन बोटं तिच्या पाठीवर पडायची. ठुप्. छातीत श्वास भरलेला असायचा, त्यामुळे तो ठोका आतून घुमायचा.

“आणि तुला सांगते,” बाई मला म्हणाल्या, “मला वाटलं, ह्यांचं लफडं आहे.”

“बाई! साठीच्या आहेत ना त्या?”

“साठीत काय माणसं साधू होतात? आणि एवढ्या जणांत, सगळ्यांच्या पाठीमागे! मला तर घाम फुटला.”

मधे सुट्टी झाली. सगळे पाणी प्यायला खिडकीशी गेले. उंच बाई आपले कागद चाळत मधेच उभी होती. बाई मागून तिच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, “जरा बोलायचं होतं.” ती कागद चाळत राहिली. बाईंनी जरा मोठ्याने म्हटलं. ती कागद चाळत राहिली. आता दुसऱ्या कुणी खांद्याला हात लावला असता, समोर जाऊन उभं राहिलं असतं. बाईंनी सत्तावीस वर्षं एकच काम केलं होतं. खात्री करून घेण्याचं. त्यांनी पिशवीतून घराच्या चाव्यांचा जुडगा काढला आणि तिच्या मागे, लाकडी जमिनीवर, उंचावरून सोडून दिला.

खिडकीशी उभे असलेले चौघे एकदम वळले. पिंपासारखा माणूस वळला. उंच बाईने पान उलटलं.

दाढीवाल्यांच्या हातात पाण्याचा पेला तसाच होता. ते चाव्यांकडे बघत होते, मग त्यांनी उंच बाईच्या पाठीकडे बघितलं. हळू आवाजात त्यांनी तिला नावाने हाक मारली. मग पुन्हा एकदा. खर्जवाला मधे पडला. “काय हवंय? मी सांगतो त्यांना.”

“तुम्ही का सांगणार?” दाढीवाले म्हणाले.

तेवढ्यात उंच बाईने मान वर केली. सगळे आपल्याकडे बघतायत हे तिला दिसलं, जमिनीवरच्या चाव्या दिसल्या, आणि मागे उभ्या असलेल्या आमच्या बाई दिसल्या. तिला सगळं कळलं असावं, कारण ती कागद घडी करत सरळ म्हणाली, “दीड वर्ष झालं. डावा कान पूर्ण गेलाय. उजव्याने समोरचं थोडं येतं, मागचं नाही येत.”

“आणि गाता कशा?” दाढीवाल्यांनी विचारलं.

“सूर मला हाडांत कळतो. तो कुठे जाणार? वेळ कळत नव्हती. ती हे सांगतात.” तिने खर्जवाल्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता, शाळेत पकडल्यासारखा.

“दीड वर्ष,” दाढीवाले म्हणाले, “आणि मला समजलं नाही?”

“गाण्यात काही चुकलं का?” तिने विचारलं.

दाढीवाले बाईंकडे वळले. “आणि तुम्ही कोण?”

बाईंनी चाव्या उचलल्या, पिशवीतून तबकडी काढली आणि सांगितलं. तिसरं गाणं, ठोका, एकेचाळीस वेळा, सगळं. बोलताना आपला आवाज चोरासारखा येतोय हे त्यांच्या तिखट कानांना कळत होतं. खर्जवाल्याने मान वर केली. “एकेचाळीस? मी अठ्ठेचाळीस वेळा हात ठेवतो.”

“तबकडी थांबवा,” दाढीवाले म्हणाले. “आपण पुन्हा ध्वनिमुद्रण करू.”

“तुम्ही करा,” उंच बाई म्हणाली. तिने ते त्यांच्या ओठांकडे बघून वाचलं होतं. “त्यात मी नसेन. माझा आवाज राहणार असेल तर तो ह्याच तबकडीत. आता तुम्हाला सगळ्यांना ठाऊक झालंय. आता तुम्ही माझ्याकडे बघत गाल, आणि तसं मला गाता येणार नाही.”

मग तिने आमच्या बाईंना विचारलं, “तुमच्याकडे ह्याला दोष म्हणतात का?”

“उद्या सांगते,” बाई म्हणाल्या आणि निघाल्या.

घरी जाताना माणसाला वाईट वाटावं, लाज वाटावी. बाईंना वाटलीही. पण दुसऱ्या चौकापर्यंत येईतो त्यांच्या मनात आलं, हे सगळं मला पाझर फुटावा म्हणून तर नव्हतं? रडवून सही काढून घेण्याचा डाव? मग त्यांनी आठवून बघितलं, चाव्या पडल्या तेव्हा त्या बाईच्या खांद्याचं हाड तरी हललं होतं का. नव्हतं हललं. इतकं सोंग कुणाला जमत नाही. शिवाय आपण येणार हे त्यांना ठाऊकच कुठे होतं? ह्या शेवटच्या मुद्द्यावर बाईंचं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल दिवा लागला तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत. राहिलेले सात ठोके बाई शोधत होत्या. पाच सापडले. सहाही आवाज एकदम भरात असताना, त्यांच्या खाली दबलेले. उरलेले दोन शेवटपर्यंत सापडले नाहीत. हे सांगताना बाई पहिल्यांदाच जरा म्हाताऱ्या दिसल्या. मग त्यांनी नवी पिवळी चिठ्ठी घेतली. ती माझ्या हातातून गेली, म्हणून मला तिच्यावरचे शब्द आठवतात: ‘आवाज गाण्यातलाच आहे. तबकडीत दोष नाही. चालेल.’

साहेबांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. “त्या दिवशी दोष होता, आज नाही. मधे काय झालं?”

“परत ऐकलं.”

“कुणी काही देऊबिऊ केलं का तुम्हाला?”

बाईंनी लाल दिवा लावला. साहेब जिना उतरून गेले.

कार्यक्रम ठरल्या दिवशी झाला. पाचच जण गायले. उंच बाई गेली नाही.

त्यानंतर आठवड्याभराने दाढीवाले उरलेली खोकी न्यायला स्वतः कारखान्यात आले. माझ्या टेबलाशी उभे राहून ते कागदांवर सह्या करत होते, तेवढ्यात बाई वर आल्या. सत्तावीस वर्षांत बाई आमच्या मजल्यावर आलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. त्या नमस्कार-चमत्कार न करता म्हणाल्या, “एक विचारू? ह्या खोलीत आता कागद फाटला तर तुम्हाला ऐकू येईल ना?”

“येईल.”

“कुणी केसभर खाली गायलं तरी कळतं ना?”

“कळतं.”

“मग माणसाच्या पाठीवर बोट पडतंय, ते तीन हातांवरून दीड वर्ष नाही ऐकू आलं?”

दाढीवाले पेनचं टोपण लावत राहिले. ते टोपण काही लागेना. “सूर लागत होता,” ते शेवटी म्हणाले. “तोपर्यंत मी काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. विचारलं असतं तर त्यांना सांगावं लागलं असतं, आणि सांगितल्यावर मला काहीतरी करावं लागलं असतं.” मग ते बाईंकडे न बघता म्हणाले, “तुमच्या चाव्या पडल्या नसत्या तर अजून एखादं वर्ष निघालं असतं.”

बाई खाली गेल्या. त्या दिवशी लाल दिवा संध्याकाळपर्यंत लागलेला होता आणि प्रेसवाला शपथेवर सांगत होता की दुपारनंतर वर एकही तबकडी दिलेली नाही.

दोनेक महिन्यांनी उंच बाई कारखान्यात आली. फाटकावरून वर्दी आल्यावर बाईंनी आधी पिवळ्या चिठ्ठ्यांची फाइल खणात टाकून खण लावून घेतला. तक्रार करायला आली असेल. किंवा त्या दाढीवाल्याने पाठवलं असेल. किंवा नुसतीच बघायला आली असेल, की आपला घात करणारी ही बाई बसते तरी कुठे. ती आली, खोलीच्या जाड लोकरी नमद्याने मढवलेल्या भिंतींवरून हात फिरवला आणि म्हणाली, “मी ती तबकडी अजून ऐकली नाही. घरच्या पेटीवर मला काही पोचत नाही. इथे मोठी असेल म्हणून आले.”

बाईंनी तबकडी लावली. आवाज वाढवत नेला, इतका की जिन्याचे गज थरथरायला लागले आणि मी वरून धावत खाली आलो. दार अर्धवट उघडं होतं. उंच बाई कर्ण्याच्या लाकडी पेटीवर दोन्ही तळहात टेकून, वाकून उभी होती. बाई तिच्या मागे हाताची घडी घालून उभ्या होत्या आणि तिच्या पाठीकडे टक लावून बघत होत्या. खरंच पोचतंय की आपल्याला बरं वाटावं म्हणून करतेय, हे त्यांना बघायचं होतं. तिसरं गाणं आलं. पहिला आवाज निघाला, चार पावलं गेला, आणि तिच्या सुराआधी तिने श्वास भरला. बरोबर एक मात्रा आधी. पुढच्या वेळीही. त्याच्या पुढच्या वेळीही. मग बाईंनी हाताची घडी सोडली.

एक बाजू संपल्यावर उंच बाई समोर येऊन म्हणाली, “राग धरून नाही आले मी. थकले होते. दर वेळी वाटायचं, आज कळेल. तुमच्यामुळे ते एकदाचं संपलं.”

“खरं सांगताय की उगाच?”

उंच बाई हसली. “तुम्ही घरीही अशाच असता का?”

“वन्संना विचारा,” बाई म्हणाल्या.

ती त्यानंतर दर महिन्या-दीड महिन्याला यायला लागली, दुपारची, काम कमी असताना. कधी आपली तबकडी, कधी त्याच वळणाची दुसऱ्या कुणाची. बाई सांगायच्या की तिच्याबरोबर ऐकताना आपल्याला पहिल्यांदा गाणं ऐकू यायला लागलं, आणि त्यामुळे कामात दोनदा चूक झाली, तेव्हा हे काही बरं नव्हे. पण तिचं येणं त्यांनी बंद केलं नाही. तिसऱ्या का चौथ्या खेपेनंतर माझ्या टेबलावर बाईंचा एक मागणीचा कागद आला. ऐकण्याच्या खोलीसाठी आणखी एक खुर्ची हवी. मी तो साहेबांकडे नेला. साहेबांनी चष्मा वर केला, कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का ते बघितलं आणि बाईंना बोलावून घेतलं.

“त्या खोलीत तुम्ही एकट्या असता. दुसरी खुर्ची कशाला?”

“बसायला,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी त्यांच्याकडे संशयाने बघितलं. मग सही केली.